रानडुकराची पारध व उसने शौर्य



पन्हाळ्याच्या पश्चिमेस डोंगरातील वाड्यांवर सेवा करणाऱ्या एका उपदेशक बंधूंनी आम्हांस पत्र पाठवून असा प्रश्न केला आहे की, "आमच्या मंडळीतील तरुण कुत्री घेऊन रानडुकराच्या पारधीस जातात. त्यांस मना करावे, की पिकाचे रक्षण करतात म्हणून शाबासकी द्यावी? आणि मारलेल्या जनावराचा वाटा ते आमच्या घरी पाठवितात, तो ठेवून घ्यावा की परत करावा?" या पत्रास उत्तर देण्यास आम्हांस फार दिवस लागले. प्रश्न कठीण होता हे त्याचे एक कारण. परंतु खरे कारण निराळेच आहे, आणि ते पुढे सांगू.

कोडोलीस राहणाऱ्यास हा विषय परका नाही. आमच्या एका अंगास वारणेकाठची काळी जमीन व उसाचे मळे, आणि दुसऱ्या अंगास जोतिबाचा व पन्हाळ्याचा डोंगर. हीच वारणा वर सह्याद्रीत चांदोलीच्या रानातून उतरते. त्या रानास १९८५ साली अभयारण्य व २००४ साली राष्ट्रीय उद्यान ठरविण्यात आले, आणि २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. पूर्वी रानडुक्कर डोंगरात राही, रात्री शिवारात उतरे व पहाटेच्या आत परत जाई. आता नदीकाठी व माळावर ऊस झाला आहे. ऊस वर्षभर उभा असतो, दाट असतो, त्यात पाणी असते, सावली असते, आणि माणसाची ये-जा थोडी असते. रानडुकरास याहून चांगले रान कोणते मिळणार? ते आता उसातच राहते व तेथेच वीण घालते. सुमारे पावणेचार महिन्यांत मादी विते, व एका वेळेस चारसहा पिले होतात. पिलांच्या अंगावर खारीसारखे पट्टे असतात. मग साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होऊन तोडणी झाली, म्हणजे तो आसरा मोडतो व कळप बाहेर पडतो. अशा रीतीने ज्या पिकाने आम्हांस दोन पैसे दिले, त्याच पिकाने हे जनावर आमच्या दारी आणून बसविले आहे. ते आपण होऊन शत्रुत्व करावयास आले, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

तथापि नुकसान खरे आहे. रानडुक्कर पीक केवळ खात नाही, तर उकरते. भुईमुगाचे वेल, रताळी, मका, नुकताच टोकलेला हरभरा, यांत एक कळप एक रात्र शिरला म्हणजे सकाळी शेत नांगरल्यासारखे दिसते. पवित्र शास्त्राच्या ऐंशीव्या स्तोत्रात देवाचे लोक आपल्या उद्ध्वस्त स्थितीचे वर्णन करितात, तेव्हा त्यांस रानडुकराने उकरलेल्या द्राक्षमळ्याहून दुसरा दाखला सुचत नाही. ज्याने ते शेत पाहिले आहे, त्यास त्या दाखल्याचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही.

आता आम्हांस उशीर का झाला ते सांगतो. गेल्या वर्षी भुईमुगाच्या सुगीत एका डोंगरवाडीवर आम्ही उपासनेकरिता गेलो होतो व तेथेच मुक्कामास राहिलो. रात्री खालच्या शिवारातून हाकारे व कुत्र्यांचे भुंकणे ऐकू आले. मध्यरात्रीच्या सुमारास सातआठ तरुण एक मोठे नर डुक्कर बांबूस बांधून खांद्यावरून घेऊन आले. वाडी जागी झाली. ज्या विधवा बहिणीचा भुईमूग त्या आठवड्यात निम्म्याहून अधिक उकरला गेला होता, तीही कंदील घेऊन आली, आणि त्या पोरांच्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडू लागली. मांसाचे वाटे झाले. आम्ही ज्या घरी उतरलो होतो तेथेही वाटा आला. दुसऱ्या दिवशी न्याहारीस तेच ताटात आले. ते कोठून आले हे आम्हांस ठाऊक होते. ते कायद्याविरुद्ध आहे हेही ठाऊक होते. परंतु यजमानास वाईट वाटेल म्हणून आम्ही काही बोललो नाही. पौलाने जे म्हटले आहे की, पुढे वाढलेले विवेकाकरिता चौकशी न करिता खावे, त्याचा आम्ही आडोसा केला. उपकारस्तुती केली आणि जेवलो.

हात धुण्यास गोठ्याकडे गेलो, तो कोपऱ्यात पोत्यावर एक तांबडे कुत्रे पडलेले दिसले. त्याच्या पोटास सुळा लागला होता, व वरून फडके बांधले होते. त्या घरचा नऊदहा वर्षांचा मुलगा परळात पाणी घेऊन त्याच्याजवळ बसला होता. कुत्रे पाणी पीत नव्हते. आम्ही त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हटले, "बाळ, इमानी कुत्रे असेच असते. धन्याकरिता ते जीव देते." त्याने मान वर करून आम्हांस विचारले, "पण पाळकसाहेब, डुकराला असले सुळे असतात, हे मोत्याला कुणी सांगितलं होतं का?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. दुपारच्या आत मोत्या मेला. वाटेने परत येताना व पुढे कित्येक दिवस त्या मुलाचा प्रश्न आमच्या मागे लागला होता. उपदेशक बंधूंचे पत्र आले, तेव्हा आम्हांस कळले की, त्या लहान मुलास उत्तर दिल्यावाचून या मोठ्या बंधूंस उत्तर देता येणार नाही.

पारधीच्या बाजूने जे बोलले जाते, ते प्रथम सरळपणे ऐकून घेऊ. लोक तीन कारणे सांगतात. पहिले, पिकाचे रक्षण. दुसरे, गरिबाच्या घरी मांस. तिसरे, शौर्य व जुनी चाल.

पहिल्या कारणाचे वजन आम्ही वर मान्य केले आहे. शेत राखणे हे पाप नव्हे. परंतु कुत्र्यांची पारध शेत राखते काय, हे पाहिले पाहिजे. बहुतेक पारधीत कळप उधळतो, एखादे जनावर मारले जाते, आणि बाकीची एका उसातून दुसऱ्या उसात जातात. एकाच्या शेतातील पीडा शेजाऱ्याच्या शेतात जाते. शिवाय पारधी तरुण ज्याच्या मागे लागतात, ते पुष्कळदा मोठे, एकटे राहणारे नर असते. कारण त्यास मारण्यात नाव आहे. पीक उकरणारा मादी व पिलांचा कळप मागेच राहतो. यावरून असे दिसते की, रक्षण हे कारण खरे असले तरी ते पुरे कारण नव्हे. शेताकरिता निघालेला मनुष्य नावाकरिता पुढे जातो.

दुसरे कारण मांसाचे. देवाने नोहास व त्याच्या वंशजांस मांस खाण्याची मोकळीक दिली, हे खरे. परंतु त्याच ठिकाणी रक्ताविषयी मर्यादाही घातली. आणि पुढे लेवीयाच्या सतराव्या अध्यायात पारध करणाऱ्यास अशी आज्ञा आहे की, सावजाचे रक्त जमिनीवर ओतून मातीने झाकावे. हा जुना विधी आम्हांवर बंधनकारक नाही, असे आपण शिकवितो. तरी त्यातील बोध नाहीसा झालेला नाही. पारध्याने घेतलेला जीव त्याचा स्वतःचा नव्हता, हे त्यास प्रत्येक वेळी थांबून, वाकून, हाताने माती लोटून कबूल करावे लागे. आमच्या वाडीवर त्या रात्री कोणी थांबले नाही. कोणी वाकले नाही. आम्हीही नाही.

आता तिसरे कारण. यात सर्वांहून अधिक बळ आहे. कारण तरुणाचे मन पोटापेक्षा मानाने लवकर हलते. या ठिकाणी एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचे गाव आहे. तेथे इ. स. ९४९-५० च्या सुमाराचा एक शिलालेख सापडला. ती शिळा आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. त्या वेळी राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण राज्य करीत होता. त्याचा एक ताम्रपट आमच्या शेजारी कऱ्हाडासही मिळाला आहे. तक्कोलमच्या लढाईत चोळांचा राजपुत्र राजादित्य पडला. त्या लढाईत गंग राजा बुतुग याच्या पदरी असलेल्या मणलेर नावाच्या वीराने मोठा पराक्रम केला. काय बक्षीस हवे, असे विचारता त्याने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. काळी नावाचे शिकारी कुत्रे मागितले. पुढे एका टेकडीवर ते कुत्रे मोठ्या रानडुकरावर सोडण्यात आले. दोघेही एकमेकांशी झुंजून मेले. तेव्हा त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ देवळापुढे शिळा उभी केली, तिजवर कुत्रे व डुक्कर यांची झुंज कोरली, आणि तिच्या पूजेकरिता जमीन दान दिली.

ही गोष्ट प्रथम वाचली, तेव्हा आम्हांस त्या वीराविषयी आदर वाटला, अजूनही वाटतो. ज्या काळी माणसांचे जीव स्वस्त होते, त्या काळी एका कुत्र्याकरिता कोणी दगड कोरविला! आज वाडीवर मेलेले कुत्रे ओढ्याच्या पलीकडे टाकून देतात व दुसरे पिल्लू आणतात. त्यापेक्षा तो मणलेर पुष्कळ थोर. परंतु त्या मुलाचा प्रश्न मनात ठेवून ती शिळा पुन्हा पाहावी. काळीवर त्याचे प्रेम होते यात संशय नाही. मग तिला त्या डुकरावर कोणी सोडले? त्यानेच. दगड, जमीन, पूजा, ही सर्व तिच्या मरणानंतर आली; आणि त्यांतील एकाचाही तिला उपयोग नव्हता. मानाचा दगड मेलेल्याकरिता असतो असे आपण समजतो. परंतु पुष्कळदा तो जिवंताच्या मनाच्या समाधानाकरिता असतो.

येथे शौर्य या शब्दाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. धोका जाणून, तो टाळता येत असता, योग्य कारणाकरिता आपले अंग पुढे करणे, यास शौर्य म्हणतात. यांपैकी एकही अंग गळाले, तर शौर्य राहत नाही. ज्यास धोका ठाऊक नाही तो शूर नव्हे, अजाण होय. ज्यास टाळता येत नाही तो शूर नव्हे, परवश होय. आणि जो दुसऱ्याचे अंग पुढे करितो, त्यास काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे.

आता पारधीत काय घडते ते पाहा. कुत्री माग काढतात, डुकरास गाठतात, भोवती भुंकून त्यास अडवितात. डुकराचे खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर घासून सदा धारदार राहतात. ते मान खाली घालून वर हासडा देते, आणि त्याचा वार कुत्र्याच्या पोटास किंवा मांडीस लागतो. नराच्या खांद्यावर जाड, ढालीसारखे कातडे असते. कुत्र्याचे दात तेथे चालत नाहीत. हे सर्व होत असता माणसे मागे असतात. डुकराचा जोर संपला, कुत्र्यांनी कान धरले, म्हणजे भाले व कुऱ्हाडी पुढे येतात. माणसास धोका मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. कित्येकांच्या मांड्या फाटल्या आहेत. परंतु पहिला व मोठा धोका कुत्र्याने सोसलेला असतो. दुसऱ्या दिवशी पारावर वर्णन होते ते मात्र भालेकऱ्याचे. यास आम्ही उसने शौर्य म्हणतो. उसने घेतले तर परत करावे लागते. मोत्यास ते कोणी परत केले?

यावर एक शहाणा शेतकरी आम्हांस म्हणाला, "कुत्र्यास पारधीची आवड असते. साखळी सुटताच ते आनंदाने धावते. त्याच्यावर बळजोरी कोणी केली?" हे म्हणणे खरे आहे, म्हणूनच त्याचा नीट विचार केला पाहिजे. कुत्र्यास धावण्याचा आनंद आहे, परंतु पुढे काय आहे याचे ज्ञान नाही. लहान मूल विहिरीच्या काठावर आनंदाने धावते. त्याच्या आनंदाने आपली जबाबदारी कमी होत नाही, वाढते. शिवाय कुत्र्याची ती आवड आपणच वाढविली आहे. पिढ्यानुपिढ्या माणसाने जी पिल्ले धीट व आज्ञाधारक दिसली ती ठेवली, बाकीची टाकली. आपल्या आवाजावर विसंबण्याचा स्वभाव ज्याच्या रक्तात आपणच घातला, त्याने आपल्या आवाजावर जीव टाकला, तर 'तो आपखुशीने गेला' असे आपण म्हणू शकत नाही.

दुसरा एक आक्षेप असा की, बैलासही कोणी विचारीत नाही. मग नांगरही सोडावा काय? नाही. बैल कष्ट करितो, परंतु नांगरास जुंपताना आपण त्यास मरणापुढे उभे करीत नाही. त्याच चिखलात, त्याच उन्हात धनीही त्याच्याबरोबर चालतो. संध्याकाळी दोघेही थकून घरी येतात. धार्मिक मनुष्य आपल्या पशूच्या जिवाकडे पाहतो, हे जे शलमोनाने शिकविले, ते कामास लावू नये असे नव्हे, तर काम घेताना त्याचा जीव आपल्या हिशेबात धरावा असे आहे. पारधीस जाणारा मात्र निघतानाच म्हणतो की, सहा कुत्री नेली तर पाच तरी परत येतील. त्याने हिशेब केलेला असतो. परंतु त्या हिशेबात जीव हा आकडा असतो.

या गोष्टी केवळ आमच्या डोंगरात घडतात असे नाही. ज्या देशातून एके काळी कोडोलीस मिशनरी आले, त्या अमेरिकेत उत्तर कॅरोलायना प्रांती मोठे डोंगर आहेत. तेथे १९१२ साली एका धनिकाने हूपर बाल्ड नावाच्या डोंगरावर कुंपण घालून, शिकारीच्या खेळाकरिता युरोपातील रानडुकरे आणून ठेवली. काही वर्षांनी ती कुंपण फोडून रानात पसरली. धनिकांचा खेळ संपला. डुकरे डोंगरातील गरिबांच्या वाट्यास आली. ते लोक प्लॉट नावाच्या जातीची कुत्री घेऊन त्यांची पारध करू लागले. तेथील लोकांस त्या कुत्र्यांचा एवढा अभिमान आहे की, १९८९ साली त्या प्रांताने ते आपले मानाचे कुत्रे ठरविले. आज तेथील कित्येक पारधी कुत्र्याच्या छातीस व पोटास जाड कापडाचे चिलखत बांधतात. हे ऐकून आम्हांस बरे वाटले. आणि मग असे वाटले की, चिलखत बांधणाऱ्याने त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिले आहे. कुत्र्यास सुळे ठाऊक नाहीत, पण मला ठाऊक आहेत, असे तो कबूल करितो. उरलेले अर्धे उत्तर हे की, जर मला ठाऊक आहे, तर मी त्यास का सोडतो?

आणखी एक गोष्ट न्यायाकरिता सांगितली पाहिजे. नाही तर आमचे बोलणे केवळ गरिबास उपदेश असे होईल. आमच्या देशात राजेरजवाडे व गोरे अंमलदार घोड्यावर बसून भाल्याने रानडुक्कर मारीत, तेव्हा त्यास मर्दानी खेळ म्हणत. कोल्हापूर दरबारचे शिकारीचे रान दाजीपुरास होते. आणि त्याच काळात ज्यांचे पोटच पारधीवर होते, त्या फासेपारधी व तत्सम लोकांस १८७१ च्या कायद्याच्या परंपरेने जन्मतः गुन्हेगार ठरविले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. शाहू महाराजांनी त्यापूर्वीच, १९१८ साली, आपल्या संस्थानात कित्येक जातींची हजेरी बंद केली, हे त्यांचे उपकार आहेत. एकच कृत्य थोराने केले तर खेळ, गरिबाने केले तर गुन्हा, असे दोन मापांचे वजन परमेश्वरास वीट आणणारे आहे. म्हणून आम्ही वाडीवरील तरुणांस जे सांगतो, ते ते गरीब आहेत म्हणून नव्हे. घोड्यावरचा भालेकरी आमच्यापुढे असता, तर त्यासही हेच सांगितले असते.

कायद्याविषयी उपदेशक बंधूंनी विचारले नाही, तरी सांगणे आमचे कर्तव्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुकरास संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीने याद्या बदलल्या, तरी ते संरक्षण राहिले. केवळ मारणेच नव्हे, तर हाकारणे, पाठलाग करणे, फासे लावणे व तसा प्रयत्न करणे, हेही त्यात शिकार या शब्दात येते. परवानगीवाचून मारलेल्या जनावराचे मांस बाळगणे हाही अपराध आहे. कारण ते जनावर सरकारचे ठरते. उभ्या पिकास धोका असेल, तर अधिकाऱ्याकडून लेखी परवानगी मिळण्याची वाट त्याच कायद्यात ठेविली आहे. आणि पिकाच्या नुकसानीबद्दल वनखात्याकडून भरपाईही मिळते. करमणुकीकरिता एका प्राण्यास दुसऱ्याशी झुंजविणे, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने वेगळेच निषिद्ध आहे. कित्येक जण पिठाच्या गोळ्यात स्फोटक दारू घालून ठेवतात, किंवा तारेत वीज सोडतात. त्याविषयी एवढेच म्हणतो की, त्या तारेस डुक्कर लागेल की शेजाऱ्याचा मुलगा, हे तार पाहत नाही.

आता डुकराविषयीही एक शब्द बोलू. कारण या सर्व वादात त्याची बाजू कोणी घेत नाही. ते आमच्या शिवाराचे शत्रू असले, तरी देवाच्या रानाचे नोकर आहे. त्याच्या उकरण्याने रानाची माती हलते. वाघ, बिबट्या व कोळसुंदे यांचे ते अन्न आहे. ते नसेल, तर भुकेला बिबट्या आपल्या गोठ्याकडे येईल. त्यास मारणे कधी अवश्य झालेच, तर परवानगी घेऊन, जाणत्या बंदूकवाल्याकडून, एका गोळीत त्याचा शेवट व्हावा. अर्धा तास सहा कुत्र्यांनी फाडून मरणे, हे मरण आणि ते मरण एक नव्हे. आवश्यक असेल तेथे कठोर व्हावे, परंतु आवश्यकतेच्या नावाने करमणूक करू नये.

दावीद राजाची एक गोष्ट वाचकांस ठाऊक आहे. बेथलेहेमाच्या वेशीजवळील विहिरीचे पाणी कोणी पाजील तर किती बरे, असे तो सहज बोलला. आणि तिघे वीर शत्रूची छावणी फोडून ते घेऊन आले. दावीदाने ते प्याले नाही. ज्यांनी जीव धोक्यात घातले त्यांचे ते रक्तच आहे, असे मानून त्याने ते परमेश्वरापुढे ओतले. ते तिघे धोका जाणून गेले होते. तरी दावीदाच्या घशाखाली ते पाणी उतरेना. आमच्या ताटात जे आले, ते एका अजाण प्राण्याच्या जिवाने आले होते. आणि आमच्या घशाखाली ते उतरले. पौलाचे वचन मूर्तीच्या नैवेद्याविषयी निष्कारण शंका काढणाऱ्यांकरिता होते. डोळ्यांसमोर झालेला अन्याय न पाहण्याकरिता ते दिलेले नाही. आमची चूक आम्ही येथे छापून कबूल करितो. कारण जे ताटावर बोललो नाही, ते व्यासपीठावरून बोलण्याचा अधिकार आम्हांस त्यावाचून नाही.

तर उपदेशक बंधूंस आमचे उत्तर असे. वाटा घेऊ नये. आणि का घेत नाही, ते गोडीने सांगावे. तरुणांस पारधीपासून परावृत्त करावे. परंतु एवढे करून थांबाल, तर तुम्ही न केले ते बरे. कारण ती विधवा बहीण तुम्हांस विचारील, "पाळकांनी पोरांना घरी बसविले, आता माझा भुईमूग कोण राखणार?" या प्रश्नास ज्या मंडळीजवळ उत्तर नाही, तिच्या दयेस किंमत नाही. जो कुत्र्यावर दया दाखवून बहिणीस उघडी टाकतो, त्याची दया स्वस्त आहे.

म्हणून मंडळीने राखणीची पाळी लावावी. सुगीच्या महिन्यात जी तरुण पोरे पारधीकरिता रात्र जागतात, त्यांनीच दोघेदोघे मिळून माळ्यावर बसावे. कंदील, डबा, गोफण बाळगावी. आणि ज्यांच्या घरी कर्ता पुरुष नाही, त्यांची शेते प्रथम राखावी. कुत्रे जवळ बांधून ठेवावे. त्याचे नाक व कान माणसाहून तीक्ष्ण आहेत. डुक्कर बांधापाशी येण्याआधीच ते भुंकेल. हे त्याचे खरे काम. यात त्याचा जीव जात नाही. डुकरे काही दिवसांनी आवाजास सरावतात हे आम्हांस माहीत आहे. म्हणून जागा व रीत बदलीत जावी, आणि गावाने एकत्र येऊन कुंपणाची व्यवस्था पाहावी. नुकसान झाले, तर उपदेशकाने स्वतः अर्ज लिहून द्यावा व पंचनाम्यास बरोबर उभे राहावे. ज्यास अक्षर येते, त्याने त्या अक्षराचा एवढा तरी वाटा शेजाऱ्यास द्यावा. आणि एवढे सर्व करूनही पीडा हटत नसेल, तर परवानगीचा अर्ज करावा.

यात पारावर सांगण्यासारखा पराक्रम नाही. सात रात्री थंडीत जागून एकही डुक्कर दिसले नाही, याचा पोवाडा कोणी करीत नाही. परंतु त्यात झोप आपली जाते, थंडी आपणास लागते, आणि भीतीही आपलीच असते. ते शौर्य उसने नव्हे.

गेल्या महिन्यात आम्ही त्या वाडीवर पुन्हा गेलो. मंडळीपुढे वरील कबुली प्रथम तेथेच दिली. काही तरुण रागावले. एकदोघे उठून गेले. तिघांनी या सुगीत त्या बहिणीच्या शेतावर पाळी धरण्याचे कबूल केले आहे. ते टिकतील की नाही, हे पुढे दिसेल. सभेनंतर तो मुलगा भेटला. त्याच्या काखेत एक काळे पिल्लू होते. आम्ही त्यास म्हटले, "बाळ, तू विचारलेस त्याचे उत्तर आज देतो. मोत्याला कुणी सांगितले नव्हते. सांगून त्याला कळलेही नसते. पण आम्हा मोठ्यांना कळत होते. म्हणून ते आम्ही करायला नको होते."

त्याने थोडा वेळ विचार केला, मग पिल्लू जमिनीवर ठेवून म्हणाला, "ह्याला मी माळ्यावर घेऊन जाणार. पण दोरी सोडणार नाही."